खोबरेलानं आखडलेलं पायमशीन आणि त्यावर शिवलेलं दुपटं

काळं, ओतीव लोखंडी पायांचं शिलाई मशीन बरीच वर्षं बंद राहिलं की त्याच्यावर गंजल्याचा शिक्का बसतो आणि ते भंगारात जातं. माझ्याकडे आलेल्या मशीनचं चाक दोन्ही हातांनी जोर लावूनही हलेना. पण झाकणं उघडून पाहिली तर आत गंज नावापुरता होता. जे होतं ते पिवळट तपकिरी, लाखेसारखं कडक झालेलं खोबरेल. आपल्याकडच्या घरगुती मशीनचा हा सगळ्यात मोठा आजार. मशीनचं तेल संपलं की हाताशी असलेलं खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घातलं जातं. चार दिवस मशीन छान पळतं, पण खाद्यतेल हवेत हळूहळू घट्ट होत जातं, त्यात कापसाचा भुगा आणि धूळ अडकते आणि शेवटी सांधे चिकटतात. मशीनचं तेल पातळ खनिज तेल असतं, ते असं आटून घट्ट होत नाही.

हे मशीन सिंगरच्या १५ क्रमांकाच्या घडणीचं आहे. बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी) उभी बसते आणि टीप फक्त सरळ पडते. याच घडणीची मशीन भारतात वर्षानुवर्षं बनत आली, त्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, सुई, पट्टा हे सगळं आजही शिलाई सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतं. जुनं मशीन घ्यायचं की नाही हे ठरवताना मी कंपनीच्या नावाआधी हेच बघते. लांबट होडीसारखं शटल (वरचा दोरा खालच्यात गुंतवणारा भाग) असलेलं आणखी जुनं मशीन दिसायला फार देखणं, पण त्याच्या बॉबिन शोधताना दमछाक होते.

चाक अडलं असेल तर आधी अडलंय कुठे ते शोधायचं. चाकाच्या मधोमध जी गोल चकती असते (बॉबिन भरताना आपण सैल करतो ती), ती सैल केली आणि चाक एकटं मोकळं फिरलं, तर दोष मशीनच्या पोटात आहे. चाकच फिरलं नाही, तर ते आपल्या दांड्यावर चिकटलं आहे. माझ्या मशीनमध्ये दोन्ही होतं. शिवाय बॉबिन केस काढल्यावर शटलच्या खोबणीत गुंडाळलेला दोरा निघाला. तो चिमट्यानं ओढला नाही, ब्लेडच्या टोकानं कापून तुकड्यातुकड्यांनी काढला. ओढला असता तर आणखी आत शिरला असता.

उघडण्याआधी फोनवर प्रत्येक बाजूचे फोटो काढले आणि स्क्रू काढलेल्या क्रमानं इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवले. स्क्रू-ड्रायव्हर मात्र रुंद पात्याचा हवा. या मशीनच्या स्क्रूंच्या खाचा लांब असतात आणि बारीक पात्यानं जोर लावला की खाचेच्या कडा मोडतात. मग तो स्क्रू कायमचा हट्टी होतो.

जुनं तेल विरघळवायला रॉकेल सर्वांत चांगलं. ते नाही मिळालं तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं, फक्त धातूच्या भागांपुरतं. बाल्कनीत, गॅस आणि देवाच्या दिव्यापासून लांब बसून काम केलं. डाव्या तोंडावरचं झाकण उघडलं की सुईचा दांडा, फूटचा (कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दांडा आणि वरखाली होणारा दोऱ्याचा हूक दिसतो. पाठीमागच्या गोल झाकणाआड मुख्य दांड्याचा जोड असतो. मशीन मागे कलंडवलं की खाली दोन आडवे दांडे आणि शटलची जागा दिसते. जिथे जिथे लोखंडावर लोखंड घासतं, तिथे ड्रॉपरनं रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडले आणि रात्रभर तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी चाक अर्धा इंच हललं. त्या अर्ध्या इंचाचा आनंद मोठा होता! इथे घाई केली तर नुकसान होतं. पाना किंवा हातोडी लावायची नाही, हलेल तेवढंच पुढेमागे हलवायचं आणि पुन्हा थेंब सोडायचे. सुईच्या दांड्यापाशी हेअर ड्रायरची गरम हवा पाच मिनिटं दिली, तर घट्ट तेल मऊ पडून ते काम पटकन झालं. तिसऱ्या संध्याकाळी चाक पूर्ण फिरलं.

मग जुन्या दातब्रशनं आणि कानाच्या काड्यांनी तपकिरी चिखल पुसून काढला. सुईखालची पोलादी पट्टी काढून कापड सरकवणारे दाते बघितले, तर त्यांच्यामध्ये फेल्टसारखा घट्ट दाबलेला भुगा होता. दाते वर आले तरी त्या भुग्यामुळे कापडाला धरत नव्हते. 'मशीन कापड ओढत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. टाचणीनं खरवडून तो काढला.

बाहेरच्या काळ्या रंगावर आणि सोनेरी नक्षीवर मात्र रॉकेल, स्पिरिट, सॅनिटायझर काहीच नाही. जुन्या मशीनच्या नक्षीवर लाखेचं पातळ आवरण असतं आणि अल्कोहोलनं ते विरघळतं. एका पुसण्यात सोनं फडक्यावर येतं. मऊ फडक्यावर मशीनचं तेल घेऊन हलक्या हातानं पुसलं, तेवढ्यानंच काळा रंग उजळला.

रॉकेल वंगण नव्हे, ते फक्त धुतं. म्हणून ते वाळल्यावर प्रत्येक सांध्याला मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. पायांकडचं मोठं चाक पायडलला जोडणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांनाही दिला. खटखट आवाज बहुधा तिथूनच येतो. ताणाच्या चकत्या (ज्यांच्यामधून वरचा दोरा दाबला जाऊन जातो त्या), पट्टा आणि बॉबिन भरण्याचं रबर यांना तेल लावायचं नाही. पट्टा चामड्याचा, गोल, साधारण ५ मिलिमीटर जाडीचा नवा घेतला. दोन्ही चाकांवरून फिरवून, जरासा ताणून कापला आणि तारेच्या क्लिपनं जोडला. फार घट्ट झाला तर पायडल जड चालतं आणि गुडघे दुखतात, सैल राहिला तर जाड शिवणीवर घसरतो. चामडं काही दिवसांत थोडं लांबतं, तेव्हा पुन्हा कापावं लागतं.

चाकाची चकती परत बसवताना एक चूक झाली. आतल्या वॉशरला दोन कान असतात. तो उलटा बसला की चकती घट्ट करूनही चाक फिरतं पण सुई हलत नाही, किंवा सैल करूनही सुई थांबत नाही. वॉशर काढून अर्धा फेरा फिरवून बसवला, लगेच जमलं.

सुई नवी, १४ नंबरची. जुन्या मशीनमध्ये सुई कोणत्या बाजूला तोंड करून लावायची यावर गोंधळ होतो, कारण ते मशीनगणिक बदलतं. सुईवरची लांब खोबण जिकडे, तिकडून दोरा ओवायचा आणि आखूड खळगा शटलच्या टोकाकडे ठेवायचा, हा नियम कुठेही चुकत नाही. सुई वरपर्यंत पूर्ण सारून मगच स्क्रू आवळायचा. सुई एक-दीड मिलिमीटर जरी खाली राहिली तरी टाके सुटतात. दोरा ओवताना फूट वर उचललेला असावा, म्हणजे ताणाच्या चकत्या उघड्या राहून दोरा आत नीट बसतो. चकत्यांजवळच्या छोट्या तारेच्या स्प्रिंगमधून दोरा जायचा राहिला, तर कापडाखाली दोऱ्याची जाळी होते आणि आपण उगाच बॉबिनला दोष देतो. रीळ नवं वापरावं. आजीच्या डब्यातलं सुती रीळ दिसायला सुंदर असतं, पण हातानं झटका देऊन बघितलं की बहुतेक वेळा तुटतं.

ताण जुळवायला वर पांढरा, खाली लाल दोरा घेतला. वरच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खाली पांढरे फास दिसले तर कमी. वरचा नॉब एका वेळी पाव फेराच फिरवायचा. बॉबिन केसचा इवलासा स्क्रू शक्यतो सोडून द्यावा. दोऱ्याला धरून केस लोंबकळत ठेवली तर ती जागीच राहावी आणि हलक्या झटक्यानं बोटभर खाली यावी, एवढं जमलं की ती ठीक. शेवटची परीक्षा उरेब घडीवर घेतली. कापड तिरकं दुमडून त्यावर टीप मारायची आणि दोन्ही टोकांनी जोरात ताणायचं. वरचा दोरा तुटला तर वरचा ताण जास्त, खालचा तुटला तर खालचा, दोन्ही एकदम तुटले तर ताण जुळला.

पायडल आधी बिनदोऱ्याचं, वहीच्या रेघी कागदावर चालवून बघितलं. एक पाऊल थोडं पुढे, एक मागे, टाच आणि चवडा आळीपाळीनं. चाक हातानं आपल्याकडे फिरवून सुरुवात करायची. ते उलट फिरलं की दोरा शटलमध्ये गुंततो. लय सापडायला दोन संध्याकाळी लागल्या. ती सापडली की टीप आपल्या पायांच्या वेगानं पडते, हवं तिथे एका टाक्यावर थांबते, आणि मोटरच्या मशीनवर मला हा ताबा कधीच मिळाला नव्हता. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं, ते पायडलवर बसल्यावर पटतं.

पहिलं काम म्हणून दुपटं घेतलं, कारण त्यात सरळ टीपच लागते. तयार माप ३६ बाय ३६ इंच. वरच्या थराला ५ इंचांचे ६४ चौकोन, आठ ओळी, प्रत्येकीत आठ. पाव इंच शिवण धरली की प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा उरतो. मधले दोन थर आणि खालचा एक, असे ३८ इंचांचे तीन तुकडे. ते तिन्ही एकाच सुती साडीतून निघाले. चौकोन वेगवेगळ्या जुन्या साड्यांचे.

साडी उजेडात धरून बघायची. जिथे विण विरळ दिसते किंवा दोन्ही हातांनी ताणल्यावर चर्र आवाज येतो, तो भाग सोडून द्यायचा. खालची कड आणि बसताना घासणारा भाग आधी विरतो. पदराकडे चांगलं कापड मिळतं. धुऊन मऊ झालेलं लुगडं कापताना सरकतं, म्हणून कापण्याआधी भाताच्या पेजेची पातळ खळ दिली आणि ओलसर असतानाच इस्त्री केली. या एका गोष्टीनं चौकोनांचे कोपरे सरळ आले. खळ न दिलेल्या पहिल्या ओळीत आठव्या चौकोनापर्यंत जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक पडला होता. ती उसवली.

पाव इंचाची शिवण सारखी यावी म्हणून सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीचे तीन-चार थर देऊन कड तयार केली. पट्टी पोलादी भागावरच चिकटवावी, काळ्या रंगावर लावली तर काढताना नक्षी सोलून येते. टाके इंचाला दहा ते बारा. त्याहून बारीक टाका जुन्या कापडाला छिद्रांची रांग पाडतो आणि तिथूनच ते फाटतं. माझ्या मशीनला उलटी टीप मारायची सोय नाही. शिवणीच्या टोकाला सुई कापडातच ठेवून फूट उचलला, कापड फिरवलं आणि तीन टाके परत घेतले. एका ओळीच्या शिवणी डावीकडे आणि पुढच्या ओळीच्या उजवीकडे इस्त्रीनं दाबल्या, म्हणजे ओळी जोडताना चार कोपरे एकमेकांत बसतात आणि गाठ जाड होत नाही. तरीही तिथे चाक हातानं फिरवलं, नाहीतर सुई वाकते.

चार थर एकत्र आल्यावर मशीन बाजूला ठेवलं. जमिनीवर खालचा थर ताणून पसरला, वर बाकीचे घातले आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून टाचलं. मग गोधडीच्या जुन्या रीतीनं कडेपासून आत घेर घेत धावदोरा घातला, दोन घेरांत बोटभर अंतर. मशीननंही हे करता आलं असतं, पण मऊ लुगड्याचे थर दात्यांवर एकमेकांवरून सरकतात आणि चुण्या पडतात. हाताच्या धावदोऱ्यानं दुपटं अंगाला लागतं तेवढं मऊ राहतं. याला तीन आठवडे लागले, रोज अर्धा तास.

कडेला अडीच इंच रुंद, सुमारे १५५ इंच लांब पट्टी लागली. काठाचं कापड वापरायचा मोह होतो, पण ते कडक असतं आणि बाळाच्या गालाला टोचतं, म्हणून साडीच्या अंगातलीच पट्टी काढली. आधी मशीनवर एका बाजूनं टीप, मग दुमडून दुसरी बाजू हातानं.

वापरायच्या आधी दुपटं कोमट पाण्यात दोनदा धुतलं. पहिल्या पाण्यात उरलेली खळ निघाली आणि कच्चे टाके घातले होते तिथे एक टाचणीही सापडली. म्हणून आता प्रत्येक कामाला टाचण्या मोजून घेते आणि मोजूनच डबीत परत ठेवते.