पटाशीची जागा रिकामीच आहे

रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि झोप येईना म्हणून वही काढली. परवा व्यसनमुक्ती केंद्रात बोलायला जायचंय, तिथल्या मॅडमनी आज सकाळी मेसेज टाकला त्यात माझ्या नावापुढे "यशस्वी उद्योजक" असं लिहिलंय. वाचून हसलो. आणि त्याच दिवशी दुपारी हा यशस्वी उद्योजक एका पोराची बॅग उघडून बघत होता, चोरून, ते पोरगं जेवायला बाहेर गेलं तेव्हा.

पहिल्यापासून नीट लिहितो, नाहीतर स्वतःलाच गंडवायची माझी सवय जुनी आहे.

वर्कशॉपच्या भिंतीवर प्लायचा मोठा बोर्ड आहे, त्यावर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगाने काढलाय. रंधा, गुण्या, करवती, पटाश्या सहाच्या सहा. हत्यार जागेवर टांगलं की काळा आकार झाकला जातो, काढलं की उघडा पडतो, त्यामुळे दारातूनच कळतं काय कमी आहे. येणारे कस्टमर म्हणतात वा, फाईव्ह एस का, जपानी पद्धत का, आणि मी पण मान हलवतो. खरं तर ही पद्धत मी आतून आणलीय. जेलच्या सुतारखात्यात रोज संध्याकाळी हत्यारांची गिनती व्हायची आणि एक जरी कमी निघालं तरी कोणी जागचा हलायचा नाही. एकदा ड्रिलच्या एका बिटासाठी आम्ही तीन तास उकिडवे बसलो होतो, शेवटी भुशाच्या ढिगात सापडलं, तोवर सगळ्यांच्या झडत्या झालेल्या. तिथे साडेतीन वर्षं काढली. बाहेर येऊन नऊ वर्षं झाली तरी संध्याकाळी बोर्डाकडे न बघता मला शटर ओढता येत नाही.

आज दुपारी बघितलं तर एकोणीस एमएमची पटाशी नाही.

आठ माणसं कामाला आहेत. आठांपैकी डोक्यात एकच नाव आलं, आणि ते येताना एक सेकंदही लागला नाही हेच मला खुपतंय. ह्या पोराला आमच्याकडे येऊन एकवीस दिवस झाले, आतून बाहेर येऊन तेवीस. गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, नादातून आत गेलेला, माझ्यासारखा. आणि त्याला मीच मुद्दाम बोलावून घेतलंय, तेही सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी. घरचे म्हणत होते आठवडाभर आराम करू दे, मी म्हटलं आराम नंतर, उद्या सकाळी साडेआठला पाठवा.

घाई का, तर आमच्या बराकीत एकजण होता, माझ्यापेक्षा वयाने लहान, गाणं छान म्हणायचा. सुटला आणि नवव्या दिवशी गेला. आत असताना अंगाची सवय मोडलेली असते, आणि डोक्याला मात्र जुना डोस जसाच्या तसा लक्षात असतो. बाहेर आल्यावर माणूस तेवढाच घेतो, पूर्वी रोज पचवायचा तेवढाच, आणि श्वास बंद पडतो. लोकांना वाटतं त्याने जास्त घेतलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास झालाय, २००७ साली छापून आला, त्यात सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरायचा धोका बाकीच्या लोकांच्या १२९ पट निघाला. एकशे एकोणतीस. हा आकडा वाचला तेव्हा त्या गाणाऱ्या पोराचा चेहरा समोर आला आणि मोबाईल बाजूला ठेवला. म्हणून ह्या नव्याचे पहिले चौदा दिवस मी कॅलेंडरवर खुणा करत काढले, पॉलिश पेपर घासायला जवळ बसवून घ्यायचो, संध्याकाळी मीटिंगला सोबत न्यायचो. पंधराव्या दिवशी मनातल्या मनात टाळी वाजवली. आणि एकविसाव्या दिवशी त्याची बॅग उघडली.

बॅगेत डबा, एक टी-शर्ट, कोर्टाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले, आणि किचेन. पांढरा. बस्स. पटाशी नव्हती.

तो पांढरा किचेन बघून पोटात खड्डा पडला. एनएमध्ये, म्हणजे नार्कोटिक्स अॅनॉनिमस ह्या व्यसन सोडणाऱ्यांच्या गटात, पहिल्या मीटिंगला पांढरा देतात, मग तीस दिवसांचा केशरी, साठचा हिरवा, नव्वदचा लाल, असं करत वर्षाला जो मिळतो तो अंधारात चमकतो. माझा पांढरा मिळाला तेव्हा मला त्याचा जाम राग आला होता. किचेन कशाला देता रे, मला चावी कुठाय? घर नव्हतं, कपाट नव्हतं, सायकलसुद्धा नव्हती, शेल्टरमध्ये एक खाट होती तिला कुलूप नसतं. अकरा महिने तो किचेन नुसता खिशात, चावीशिवाय.

आता बाहेरच्या पहिल्या दिवसांबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना टर्कीच्या, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासाच्या, गोष्टी ऐकायच्या असतात, हाडं कशी दुखतात, नाक कसं गळतं, अंगावर काटा कसा राहतो. टर्की वाईटच, पण ती आठवडाभरात उतरते, झोप तेवढी नंतरही कितीतरी दिवस येत नाही. माझी टर्की तर आतच उतरली होती. बाहेर आल्यावर मला जड गेल्या त्या भलत्याच गोष्टी. दारापुढे जाऊन उभा राहायचो, कोणीतरी उघडेल म्हणून. साडेतीन वर्षांत एकही दार स्वतः उघडलं नव्हतं ना. दिवा मालवला की झोप यायची नाही कारण बराकीत रात्रभर दिवा चालू. दुकानात चार प्रकारचे साबण बघून घाम फुटायचा. आणि पन्नीचा आवाज, गर्द तिच्यावरच ओढायचो. कशावरही गुंडाळलेला चंदेरी कागद कोणी चुरगळला की तोंडाला पाणी सुटायचं, अक्षरशः, डोकं काही ठरवायच्या आधीच. आजही बिजागऱ्यांचा नवीन बॉक्स आला की मी दुसऱ्याला उघडायला लावतो. नऊ वर्षांनंतर. परवा हे सांगणार आहे, मॅडमना आवडो न आवडो.

कामाचे फॉर्म भरायचो तेव्हा एक चौकोन असायचा, कधी शिक्षा झाली आहे का, हो / नाही. आधी खरं लिहिलं, सतरा ठिकाणी, एकाही ठिकाणाहून फोन नाही. मग एका ठिकाणी नाही लिहिलं आणि नोकरी लागली, दोन महिन्यांनी कळलं त्यांना, त्याच दिवशी बाहेर. तेव्हा चूक माझीच होती, खोटं लिहिलं होतं. पण तो चौकोन पहिल्याच पानावर असला की पुढची पानं कोणी वाचत नाही हेही खरंय. हवाईमध्ये १९९८ सालीच कायदा केलाय की आधी माणूस निवडा, हा प्रश्न त्यानंतर विचारा. एवढंच. प्रश्न विचारूच नका असं कोणी म्हणत नाहीये.

मला काम दिलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांच्याकडे फॉर्मच नव्हता. आत सुतारकाम शिकलो म्हटल्यावर त्यांनी एक ठोकळा आणि पटाशी पुढे केली, म्हणाले खाच पाड. पाडली. बघितली, अंगठा फिरवला, म्हणाले आत शिकवणारा चांगला होता तुझा. अकराव्या महिन्यात त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले आणि सकाळी लवकर येणं जमेना, तेव्हा वर्कशॉपची चावी माझ्या हातात दिली. भाषण नाही, विश्वास बिश्वास शब्द नाही, "सकाळी तू उघडत जा" एवढंच. ती चावी मी पांढऱ्या किचेनमध्ये घातली आणि त्या रात्री तीन वेळा उठून खिसा चाचपला.

त्यांनी माझी बॅग कधी तपासली असेल का? हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला. विचारायची सोय राहिली नाही, ते जाऊन चार वर्षं झाली. वर्कशॉप त्यांच्या मुलाकडून मी हप्त्याने घेतलं.

हप्त्यावरून आठवलं. मी ज्या ऑफिसात अकाउंट्स बघायचो तिथलेच पैसे खाऊन आत गेलो होतो, तो आकडा एक्केचाळीस हप्त्यांत फेडला. दर महिन्याला पैसे टाकायचो आणि मेसेज करायचो, चाळीस वेळा काही उत्तर नाही. एक्केचाळिसाव्याला आलं, "मिळाले." त्या एका शब्दावर मी दोन दिवस नुसता तरंगत होतो. ताईला सांगितलं तर ती म्हणाली बरं झालं, आणि उठून टेबलावरची पर्स आतल्या खोलीत ठेवून आली. ती मुद्दाम करत नाही, तिच्या लक्षातही येत नसेल, हाताला सवय आहे. तिच्या पर्समधून मी किती वेळा काढलेत त्याचा हिशोब मलाच माहीत नाही. आता मी तिच्या घरी गेलो की पहिली पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभा राहतो, झाडं बघतो, तेवढ्यात तिची पर्स आत जाते, मग आम्ही छान गप्पा मारतो. वाईट वाटायचं आधी. आता त्या झाडांची नावं पाठ झालीत.

तर मला वाटायचं की हे सगळं मला कळतं. संशयाची नजर अंगावर कशी येते ते माझ्याइतकं कोणाला कळणार? आणि तरी आज दुपारी चेन ओढताना हात जराही थरथरला नाही. उलट मनात व्यवस्थित कारणं तयार, हत्यार आहे, धारदार आहे, बाकीच्यांची जबाबदारी माझ्यावर आहे. गर्द ओढायच्या दिवसांतही माझी कारणं अशीच व्यवस्थित असायची.

संध्याकाळी चार वाजता स्पॉन्सरला, म्हणजे एनएमधल्या माझ्या वाटाड्याला, फोन केला. त्यांचा स्वभाव असा की सांत्वन नावाचा प्रकार नाही. म्हणाले दहावी पायरी म्हण. मी म्हटलं, स्वतःचा हिशोब घेत राहायचं आणि चुकलं की लगेच कबूल करायचं. ते म्हणाले, त्यातला "लगेच" खाल्लास तू, दुपारपासून आत्तापर्यंत काय करत होतास? आणि फोन ठेवला. १९३९ पासून लोक व्यसन सोडायच्या ह्या बारा पायऱ्या चढतायत, आधी दारूवाले, मग १९५३ पासून आमचे एनएवाले, त्यांनी पहिल्या पायरीत दारूच्या जागी व्यसन घातलं. दहावीतला "लगेच" मात्र कोणी काढला नाही. मी कितीतरी वेळा प्रयत्न केलाय.

सुट्टी झाल्यावर त्याला थांबवलं. तो भुसा गोळा करत होता. बाकीचे गेले तसं म्हटलं, दुपारी मी तुझी बॅग उघडली होती. पटाशी सापडत नव्हती म्हणून. तुला न विचारता बघितली, चुकलं माझं.

त्याने झाडणं थांबवलं नाही. म्हणाला, "माहितेय दादा. मी चेन डावीकडे बंद करतो. आलो तेव्हा उजवीकडे होती."

म्हणजे दीडपासून सहापर्यंत पोराला माहीत होतं. आणि त्या साडेचार तासांत त्याने सगळे ड्रॉवर लावून दिले होते, त्याचं काम नसताना दोन कपाटांच्या कडा मारल्या होत्या. काही बोलला नव्हता. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणे, "आत रोजच व्हायची की झडती. मला वाटलं इथे पण असेल सिस्टीम."

त्याच्यावर मला काहीच बोलता आलं नाही. तो रागावला असता, बॅग उचलून निघून गेला असता तरी मला झेपलं असतं. पण ते "सिस्टीम" त्याने इतक्या सहज म्हटलं, जसं एखादा विचारतो इथे पाण्याचा नळ कुठे आहे.

मग म्हटलं, नाही, इथे सिस्टीम नाही. यापुढे काही विचारायचं असेल तर तोंडावर विचारीन. तो हो म्हणाला, सुपली कचऱ्यात रिकामी केली, हात झटकले. दारापर्यंत गेला आणि थांबला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो नुसताच दारापुढे उभा. दार लोटलेलं होतं, कडी पण नव्हती लागलेली. दोन-तीन सेकंद गेले असतील, मग स्वतःच ओशाळून हसला आणि दार उघडलं.

"उद्या येऊ ना?" बाहेरून विचारलं.

म्हटलं साडेआठला.

नंतर मी एकटाच परत सगळीकडे शोधलं. भुशाच्या पोत्यात हात घातला, कोपरापर्यंत, क्लॅम्पच्या मागे बघितलं, काल डिलिव्हरी गेलेल्या कपाटवाल्यांना फोन लावला की आमची पटाशी आत राहिलीय का, ते म्हणाले बघून सांगतो. अजून फोन नाही आला. कदाचित येईल, कदाचित त्या पोरानेच नेली असेल, कदाचित बाकीच्या सातांपैकी कोणी. खरंच माहीत नाही. बोर्डावर तेवढा एक आकार उघडा आहे आणि आज मी तो तसाच ठेवून शटर ओढलं.

केंद्राच्या मॅडमना मेसेज टाकलाय की नावापुढे नुसतं "सुतार" लिहा. निळी टिक आलीय, उत्तर नाही. उद्या एकोणीसची नवीन पटाशी आणायची, धार लावायला त्यालाच देतो.