वाक्याच्या शेपटीचा 'लाइक'

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'आय लाइक मँगोज'. लाइक म्हणजे आवडणे. पुढच्या वर्षी 'ही लुक्स लाइक हिज फादर' आलं आणि वर्ग गोंधळला. बाई म्हणाल्या, "अर्थ नंतर बघू. शब्द वाक्यात काम काय करतोय, ते सांगा आधी."

२००३ साली नोकरीसाठी इंग्लंडात न्यूकॅसलला गेलो. पहिल्याच आठवड्यात बसथांब्यावर एक आजोबा म्हणाले, "इट्स कोल्ड, लाइक." थंडी कशासारखी, ते ऐकायला मी थांबलो. पण त्यांचं बोलणं संपलं होतं! तिकडे हा शेवटचा लाइक जुन्या माणसांच्या तोंडी सर्रास असतो. बाईंचा प्रश्न लावून पाहिला आणि उलगडलं. आपण म्हणतो ना, "सहज आलो होतो आपलं"? त्यातला 'आपलं' जे करतो, तेच हा करतो. बोलण्याची धार काढून घेतो.

ऑफिसातल्या तरुण मुलींचा लाइक निराळा. "अँड शी वॉज लाइक, नो वे!" इथे लाइक म्हणजे चक्क 'म्हणाली'. पण ती नेमकं तेच म्हणाली, असा दावा नाही. कधी नुसता चेहरा करून दाखवतात, कधी मनातलं सांगतात. आपणही बस चुकल्यावर "मी म्हटलं, मेलो आता!" असं सांगतो, त्या वेळी तोंडातून अक्षरही निघालेलं नसतं. अमेरिकेतल्या भाषा-अभ्यासकांनी या वापराची नोंद १९८२ साली घेतली. ही पोरांनी भाषा बिघडवली, असं तिथले लोकही म्हणतात. मला ते पटत नाही. शेपटीचा लाइक तर अठराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणातही सापडतो.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच. जुन्या इंग्रजीत 'लिक' म्हणजे शरीर, आकार. त्यातून लाइक आला, आणि बाईंनी पाठ करून घेतलेल्या क्विकली, स्लोलीचा 'ली'सुद्धा तिथूनच.

गेल्या दिवाळीत बाईंना फोनवर हे सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे सगळं लिहून पाठव मला. आणि अक्षर मोठं काढ रे, आता दिसत नाही."