कारकून

पेसमेकर बसवल्याचं कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "शॉक बसतो का गं?" नाही बसत. शॉक देणारं यंत्र निराळं, त्याला आयसीडी म्हणतात. माझं आपलं साधं. हृदय रेंगाळायला लागलं, की विजेचा बारीकसा टोला द्यायचा आणि ठोके मिनिटाला ६० च्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, एवढीच त्याची नोकरी. तो टोला इतका बारीक असतो, की मला पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो पर्स खांद्याला अडकवली की. पट्टा नेमका गळपट्टीच्या हाडाखालच्या उंचवट्यावर येतो आणि मग सगळा भार उजव्या खांद्यावर.

दुसरा प्रश्न मोबाइलचा. चालतो. यंत्रापासून वीतभर लांब ठेवायचा, बस्स.

तिसरा प्रश्न मात्र कुणाला सुचत नाही. हृदय मंद झालं तर यंत्र आहे. पण अवचित सुसाट सुटलं तर? तर यंत्र ते थांबवत नाही. (काहींच्या यंत्रात त्यावरही इलाज असतो म्हणे, माझ्यात नाही.) ते फक्त लिहून ठेवतं. तारीख, वेळ, किती मिनिटं चाललं, वेग किती होता, आणि सोबत त्या क्षणाच्या आलेखाचा एक तुकडा. म्हणजे मंदपणाच्या बाबतीत तो माझा रखवालदार आणि वेगाच्या बाबतीत नुसता कारकून.

या कारकुनाची वही तपासणीच्या दिवशी उघडते. टेक्निशियन मुलगा छातीवर एक चपटं डबडं ठेवतो आणि समोरच्या पडद्यावर माझं सगळं बाड यायला लागतं. अधूनमधून तो म्हणतो, "काकू, आता जरा धडधडेल हं," आणि खरंच धडधडतं. त्यानं बटण दाबलं म्हणून माझं हृदय पळतं, मग दुसरं दाबलं की निमूट चालायला लागतं. इतकी वर्षं 'माझं मन', 'माझं काळीज' म्हणून ज्याचे लाड केले, ते एका पोराच्या बोटावर असं नाचताना बघून मला दर वेळी हसू येतं. त्याला वाटतं गुदगुल्या होतात.

त्या वहीत एकदा नोंद निघाली : पहाटे ३ वाजून १२ मिनिटं, वरच्या कप्प्याचा वेग मिनिटाला दोनशेच्या पुढे, मुक्काम नऊ मिनिटं. डॉक्टरांनी विचारलं, "काही जाणवलं होतं?" मी गाढ झोपले होते. घाम नाही, स्वप्न नाही, कूस बदलल्याचीही आठवण नाही. माझ्याच छातीत एवढा गोंधळ झाला आणि मला त्याचा निरोप येतो तो दोन-अडीच महिन्यांनी, कागदावर छापून.

उलटंही झालंय. घरात एकदा जोरदार वादावादी झाली. काळीज तोंडाशी आलं होतं, कानांत ठोके वाजत होते. आज नक्की वहीत मोठं पान भरणार, अशी माझी खात्री. तपासणीत त्या दिवसाची पाटी कोरी! नवरा तेव्हापासून फार खूश आहे. मी जरा आवाज चढवून "माझं हृदय बघ कसं धडधडतंय" म्हटलं, की तो शांतपणे म्हणतो, "नोंद होईल एवढं नाही ना?"

यंत्र मात्र अगदीच कागदी नाही. एरवी ते वरच्या कप्प्याकडे कान लावून असतं. वरून ठोका आला की थोडं थांबायचं, आणि खालचा कप्पा आपणहून हलला नाही तर त्याला टोला द्यायचा. आता वरचा कप्पा दोनशे-तीनशेच्या वेगानं थरथरायला लागला आणि यंत्र त्याच निष्ठेनं त्याच्या मागे धावलं, तर खालच्या कप्प्याचीही फरफट. म्हणून ठरावीक वेगापुढे ते वरच्याचं ऐकणंच सोडून देतं आणि खालचा कप्पा आपल्या हिशेबानं चालवत राहतं. वरची गडबड निवली की पुन्हा कान लावतं. डॉक्टर याला 'मोड स्विच' म्हणतात. मला हा गुण यंत्रात बघून थोडा हेवाच वाटला.

ही समज यंत्रांना उपजत नव्हती. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर संपूर्णपणे आत बसवला, तेव्हा त्या यंत्राला ऐकूच येत नव्हतं. हृदय काय म्हणतंय याची फिकीर न करता ते आपले ठोके देत सुटायचं, आणि तेही काही तासच चाललं. अभियंता एल्मक्विस्ट यांनी ते बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून ओतलं होतं. लार्सन पुढे एकामागून एक यंत्रं बदलत २००१ पर्यंत जगले. यंत्र बनवणारा अभियंता आणि ते बसवणारे सर्जन सेनिंग, दोघंही त्यांच्या आधी गेले. पण लार्सनना पहाटेच्या नऊ मिनिटांचा हिशेब त्या पहिल्या यंत्रानं कधी दिला नसता.

आणि या हिशेबाचं करायचं काय, हीच खरी पंचाईत. वरचा कप्पा नुसता थरथरत राहिला की रक्त नीट पुढे सरकत नाही, एका कोपऱ्यात साचतं, गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. पासष्टी ओलांडलेल्या, रक्तदाब असलेल्या आणि यंत्र बसवलेल्या लोकांवरचा एक मोठा अभ्यास २०१२ साली छापून आला. सहा मिनिटांहून लांबलेल्या अशा नोंदी ज्यांच्याकडे निघाल्या, त्यांना हा धोका सुमारे अडीच पट दिसला. मग रक्त पातळ करायची गोळी चालू करावी? २०२३ मध्ये यावर दोन अभ्यास आले. एकात गोळीचा फायदा दिसला नाही, दुसऱ्यात पक्षाघात कमी झाले. रक्तस्राव मात्र दोन्हींत वाढला. माझ्या डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं, आलेखाचा तुकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, कारण कधीकधी यंत्र भलत्याच खुडबुडीलाही वेग समजून बसतं. मग म्हणाले, "खरी आहे नोंद. पण नऊच मिनिटं आहेत. लक्ष ठेवू या."

म्हणजे मी ज्यावर लक्ष ठेवू शकत नाही, त्यावर ते दोघं लक्ष ठेवणार. मला काम काहीच नाही. सुरुवातीला मी रात्री जाग आली की मनगटावर बोटं ठेवून मोजत बसायचे. त्यातून निष्पन्न एवढंच झालं, की झोप उडाली.

परवाच्या तपासणीत मी त्या मुलाला विचारलं, "काय रे, जरा ठोके वाढले की लगेच लिहितं का हे?" म्हणाला, "नाही हो काकू, ते आपण ठरवायचं असतं. तुमचं १७५ वर लावलंय. त्याच्या वर गेलं तरच नोंद." म्हणजे १६०-१७० पर्यंत मी काय वाट्टेल ते करावं, वहीत त्याचा मागमूस नाही. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही. पुढच्या भांडणात कामाला येईल.