थोरल्या आईची दोन नावं आणि एक पेन्शन

ज्यांच्या घरी जुन्या लढाईतली वीरपत्नी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझा राग अजून गेलेला नाही.

आमचे थोरले आबा १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर पडले. २३ तारखेला युद्धबंदी झाली, तार घरी आली त्यानंतर. जवानाचा देह गावी पाठवायची पद्धत कारगिल युद्धापासूनची. खटाव तालुक्यातल्या आमच्या घरी आली ती त्यांची ट्रंक. थोरली आई तेव्हा वीस वर्षांची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती सासरीच राहिली, शेत ओढलं, आम्हा पुतण्या-पुतणींना वाढवलं.

ऐंशी पूर्ण झाली की फॅमिली पेन्शन २० टक्क्यांनी वाढते. त्यासाठी रेकॉर्डला जन्मतारीख लागते आणि तिची नव्हतीच. 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवरचं लॉगिन, कागद चढवणं हे भाच्याने करून दिलं.

अडलं नावावर. आबांच्या लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटने काढलेल्या अधिकृत नोंदीत, बायकोचं नाव यमुना. आधार, रेशनकार्ड, बँक सगळीकडे सुमन. लग्नात नाव बदललं, गाव सुमन म्हणू लागलं, पण आबांनी युनिटच्या क्लार्कला माहेरचंच नाव सांगितलं. त्यांना तेच आवडत असावं, असं मला वाटतं.

खिडकीवरच्या माणसाने तिच्या तोंडावर विचारलं, "जवानाची बायको यमुना. मग तुम्ही कोण? दोन बायका होत्या का त्यांना?" थोरली आई काही बोलली नाही. मी बोलले, मोठ्याने बोलले, आणि त्याचा मला अभिमान आहे. दर पंधरा ऑगस्टला हिला शाल-नारळ देऊन स्टेजवर बसवतात, आणि इथे तीच बाई आपल्याच नवऱ्याची कोणी लागत नाही?

मग मॅरेज सर्टिफिकेट मागितलं. तेव्हा आमच्या खेड्यात लग्न नोंदवत होतं कोण? पुनर्विवाह न केल्याचा दाखला दिला, तरी फाइल परत. आबांची पत्रं काढली. ५६ एपीओचे, म्हणजे फौजी टपालाचे, शिक्के होते, पण सगळी आजोबांच्या नावे. बायकोला नावाने पत्र लिहायची रीतच नव्हती. तिच्यासाठी शेवटी एकच ओळ: 'घरात सर्वांनी प्रकृतीस जपावे.' ती ओळ पुरावा म्हणून कुठे जोडणार?

सुटलं ते पार्ट टू ऑर्डरच्या पूर्ण प्रतीमुळे. तिच्यात यमुनाच्या वडिलांचं नाव आणि गाव होतं. त्यावर माहेरच्या सरपंचांचा दाखला, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि नावबदलाचं राजपत्र. प्रतिज्ञापत्रात आबांचा सर्व्हिस नंबर, हुद्दा आणि युनिट घालायला सांगा. आमचं एकदा त्याविना परत आलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्याच दिवशी जा. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांनी मजकूर बसून लिहून दिला, "माताजी, तुम्ही खुर्चीवर बसा" म्हणाले. त्यांचे उपकार विसरणार नाही.

वाढीव पेन्शन थकबाकीसह जमा झाली. ज्या महिन्यात ऐंशी पूर्ण होतात, त्या महिन्याच्या एक तारखेपासून ती लागू होते, तेव्हा हिशोब तपासून घ्या.

हयातीच्या दाखल्याचं राहिलंच. शेतात राबून बोटांचे ठसे उमटत नसतील, तर चेहऱ्यावरून मोबाइलवर होतो.

आणि ज्यांचा मुलगा आज फौजेत आहे, त्यांनी सुनेचं आधार आणि पार्ट टू ऑर्डर शेजारी ठेवून आत्ताच बघा. नाव वेगळं असेल, तर तो स्वतः युनिटमध्ये आहे तोवर त्यालाच दुरुस्त करायला लावा.