नगरसेवक नव्हते तेव्हा काय बिघडलं होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. महापालिकांच्या निवडणुका झाल्यापासून जिन्यात, भाजीच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला कुणीतरी टाकतंच. वर जोडतात, "उलट टक्केवारी तरी वाचली!"

टक्केवारी वाचली का, शंकाच आहे. ठेके निघतच होते. पण बिघडलं काय ते मी पाहिलंय. चिडायला हक्काचा माणूस उरला नाही.

पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती सांगते. आपल्याकडे ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून, नवी मुंबई नि कोल्हापुरात तर २०२० पासूनच प्रशासक बसले. मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ला. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. स्थायी समिती तेच, सर्वसाधारण सभाही तेच. प्रश्न विचारणार कोण?

आमच्या भागात (शहराचं नाव राहू द्या) त्याच काळात पाण्याचा दाब कमी झाला. पूर्वी असं झालं की बायका हंडे घेऊन नगरसेवकाच्या दारात जायच्या. दर वेळी पाणी सुटायचं असं नाही, पण त्याला दार उघडावं लागायचं आणि सभेत निदान आरडाओरडा तरी करावा लागायचा. आता मोबाइलवर तक्रार टाकायची. थोड्या दिवसांनी 'तक्रार निकाली' असा मेसेज यायचा. नळ कोरडाच.

मग सगळे एकमेकांवरच घसरले. नळाला मोटर कोण लावतं, चावीवाला कुणाच्या गल्लीला जास्त वेळ देतो, त्याला चहा कोण पाजतं, यावर पहारे सुरू झाले. भाडेकरूंना "तुम्ही आल्यापासूनच पाणी कमी झालं" असं तोंडावर ऐकवलं गेलं. वर्षानुवर्षं एकत्र गणपती बसवणाऱ्या दोन गल्ल्यांनी वेगवेगळे मांडव घातले. कारण सांगितलं वर्गणीच्या हिशेबाचं. भांडण होतं पाण्याच्या चावीचं, हे लहान पोरांनाही माहीत होतं.

आता नगरसेविका निवडून आल्यात. त्यांच्याकडून फार आशा आहे का, असंही विचारता. नाही. फोन त्यांचे यजमानच घेतात. पण घेतात.