प्रदर्शनातला माल आणि मधल्या रात्री

हस्तकला प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेणाऱ्या मैत्रिणी मला हमखास विचारतात की रात्री माल तिथेच ठेवायचा, की रोज उचलून मुक्कामाच्या जागी न्यायचा. पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर डिसेंबरात भरणारी भीमथडी जत्रा असो, मुंबईचे महालक्ष्मी सरस असो, की फेब्रुवारीतला सूरजकुंडचा मेळा, दिवसभर उभे राहून पाय दुखायला लागले की हा प्रश्न समोर येतोच. मी हातमागाच्या सुती साड्या, ओढण्या आणि त्यांच्यासोबत येवल्याच्या मोजक्या पैठण्या विकते, त्यामुळे माझे उत्तर मुख्यतः कापडापुरते आहे. माझे मत असे, की मध्यरात्रीच्या चोराची आपण जेवढी धास्ती घेतो, तेवढी ओल, वीज आणि आवराआवरीच्या तासाभराची घेत नाही. प्रत्यक्षात माल खराब होतो किंवा कमी भरतो तो बहुधा या तिघांमुळेच.

आधी स्टॉल म्हणजे काय ते पाहू. ॲल्युमिनियमच्या खांबांत पातळ फळ्या सरकवून उभी केलेली खोली दिवसा भक्कम दिसते. पण त्यातली फळी साध्या चावीने सैल करून काढता येते आणि वरचा भाग तर उघडाच असतो. कापडी मांडवात मागची कनात उचलली की माणूस आत. आयोजकांकडून भाड्याने मिळणाऱ्या काउंटरला कुलूप असते खरे, तरी ते प्लायवूडच्या दाराला असते, हे विसरू नये. म्हणून स्टॉल बंद करण्याचा हेतू चोराला रोखणे हा नसून, कोणी हात लावला तर ते लगेच कळावे हा असावा. आम्ही दर्शनी भागावर दोन जुन्या चादरी एकमेकींवर घेऊन टाचण्यांनी जोडतो आणि टाचण्यांची जागा लक्षात ठेवतो. माझ्या जाऊबाईंनी चादरीच्या आतल्या बाजूला घुंगरांची एक जुनी माळ बांधायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी शेजारी हसले. दोन दिवसांनी त्यांनीही घंटा आणली.

मालाची वाटणी मात्र पहिल्याच दिवशी ठरवावी लागते. पैठण्या आम्ही रोज रात्री सोबत नेतो, कारण त्या एका बॅगेत मावतात आणि त्यांतली एक गेली तरी अख्ख्या प्रदर्शनाचा नफा जातो. सुती साड्यांची गाठोडी तिथेच राहतात. सगळाच माल रोज न्यायचा हट्ट मला पटत नाही. रात्री दहाच्या सुमारास मैदानाबाहेर रिक्षा शोधत चार बोजे घेऊन उभे राहणे यात स्टॉलपेक्षा कमी धोका आहे असे मुळीच नाही. काही कारागीर स्टॉलमध्येच झोपतात. आयोजकांची परवानगी आणि सोबत कोणी असेल तर तो उत्तम पहारा आहे; पण दिवसभर विक्री करून थंडीत जमिनीवर झोपलेला माणूस चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाशी धड बोलू शकत नाही, हेही मी पाहिले आहे.

आता दहिवराविषयी. पुण्यात डिसेंबरात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि उघड्या मैदानावर सकाळी हात लावावा ती प्रत्येक वस्तू दमट लागते. नवखे विक्रेते घाबरून मालावर थेट प्लास्टिक घट्ट गुंडाळतात आणि आतली वाफ कापडातच अडकवून ठेवतात. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात, मग स्टार्च केलेल्या साडीवर डाग येतो आणि हातमागाच्या कच्च्या रंगाचा ओघळ शेजारच्या पांढऱ्या काठावर उतरतो. म्हणून मालावर प्रथम जाड सुती चादर, तिच्यावर मोकळी ताडपत्री, आणि दोन्हींच्या मध्ये खुर्चीच्या पाठी किंवा स्टँड उभे करून हवेला जागा, असा क्रम ठेवावा. जमिनीवर अंथरलेला हिरवा गालिचा खालची ओल शोषून घेतो, तेव्हा गाठोडी त्याच्यावर न ठेवता लाकडी फळ्यांवर किंवा उलट्या क्रेटवर चढवावीत. इतर कलांचीही आपापली दुखणी असतात: पितळेवर काळपट डाग येतात आणि हातकागदावरचे वारली चित्र ओलीने फुगते. कोल्हापुरी चपलांवर भटक्या कुत्र्यांचा विशेष लोभ असतो, त्यामुळे त्या टेबलाखाली न ठेवता वर उचलाव्यात. शेजारी पापड-मसाल्याचा स्टॉल असेल तर उंदीरही गृहीत धरावेत.

विजेबाबत मी कठोर आहे. २०२५च्या एप्रिलच्या शेवटच्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास दिल्लीच्या आयएनए येथील दिल्ली हाटला आग लागली आणि वीसहून अधिक स्टॉल त्यांतल्या मालासह जळाले. दिल्ली हाट ही तर १९९४पासून चालणारी कायमची बाजारपेठ आहे; आपले मांडव कापड, बांबू आणि दोरीचे असतात. निघताना आम्ही दिवे नुसते बंद करत नाही, तर स्टॉलच्या बोर्डावरचे सगळे प्लग उपसून ठेवतो, आणि शेजाऱ्याचा चार्जर तापलेला दिसला तर त्यालाही सांगतो. हॅलोजनपासून साडी हातभर दूर हवी; बंद केल्यावरही त्याची काच बराच वेळ गरम राहते.

कधीकधी रात्रीत काही जात नाही, उलट भर पडते, आणि तीही महाग पडते. जानेवारी २०२५मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहोत अनेक दुकानांबाहेरचे क्यूआर कोड भामट्यांनी रातोरात बदलले होते आणि गिऱ्हाइकांचे पैसे दुसऱ्याच खात्यात जाऊ लागले. त्यामुळे क्यूआरची पाटी आणि स्वाइप मशीन रोज सोबत न्यावे आणि सकाळी पहिला व्यवहार स्वतःच्या फोनवरून एक रुपयाचा करून नाव तपासावे.

स्टॉलचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना विचारावे, की रात्री किती रक्षक असतात, मैदानात दिवे चालू राहतात का, आणि माल बाहेर नेताना गेटपास लागतो का. गेटपास नसेल तर फाटकावरचा रक्षक कोणाला अडवणार? अर्जाच्या मागे बारीक अक्षरात ‘माल स्वतःच्या जबाबदारीवर’ असे बहुधा छापलेले असतेच. विमा असेल तरी पॉलिसी नीट वाचावी: घरफोडीच्या पॉलिसीत सहसा बळाने आत शिरल्याची खूण लागते आणि विमा दुकानाच्या पत्त्यापुरता असतो, त्यामुळे प्रदर्शनाची जागा त्यात लिहून घेतली नसेल तर उचललेल्या कनातीतून गेलेल्या साडीचा दावा टिकणे कठीण. कायदा इथे विम्यापेक्षा उदार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५मध्ये माल ठेवण्यासाठी वापरलेल्या तंबूतील चोरीचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र काय गेले हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी मालासोबतचे डिलिव्हरी चलन, प्रत्येक गाठोड्याची यादी आणि रोज रात्री झाकण्यापूर्वी फोनवर काढलेले फोटो एवढे पुरेसे होते. यादीतून दिवसाची विक्री वजा करण्याचे काम दमलेल्या अवस्थेत नकोसे वाटते, तरी ते त्याच रात्री करावे. सकाळी हिशोब जुळला नाही, तर साडी गिऱ्हाइकाच्या गर्दीत गेली की अंधारात, हे कधीच ठरवता येत नाही.

सगळ्यात जास्त सावध राहावे ते शेवटच्या रात्री. गिऱ्हाईक अजून रेंगाळत असते, मांडववाले खांब सोडवायला लागतात, दिवे एकेक करून जातात, टेम्पो आत घुसतात आणि ज्याच्या-त्याच्या पेट्या रस्त्याच्या कडेला रचल्या जातात. आम्ही या वेळी तीन माणसे ठेवतो: एक स्टॉलमध्ये, एक टेम्पोपाशी आणि एक वाहणारा. दोघेच असाल तर शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे. पत्र्याच्या पेट्या सगळ्यांच्या एकाच रंगाच्या असतात. आमची एक पेटी अशीच शेजारच्यांच्या टेम्पोतून सांगलीला गेली होती. ती एसटीच्या पार्सलने परत आली, कारण झाकणाच्या आत नाव आणि फोन नंबर होता. आता पेट्यांना बाहेरूनही जांभळा पट्टा आणि मोठा क्रमांक रंगवला आहे, आणि टेम्पोचे फाळके लावण्यापूर्वी जाऊबाई ते क्रमांक मोठ्याने वाचतात.