ट्रेनिंगचा पहिला आठवडा आणि कांद्याचे भाव

स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी झालं आणि पुण्यात एका कंपनीत डेटा अ‍ॅनालिटिक्स ट्रेनी म्हणून लागले. कॉलेजच्या ज्युनिअर पोरी सारखं विचारतायत की तिथे नक्की करून काय घेतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिल्याच आठवड्यात मेंटर मॅडमनी सांगितलं, डेटा आपापला निवडा आणि शुक्रवारी प्रेझेंटेशन द्या. बॅचमधल्या निम्म्या पोरांनी आयपीएल घेतलं (दरवर्षी घेतात म्हणे). मी निफाड तालुक्यातली, मी कांदा घेतला. अ‍ॅगमार्कनेट म्हणून सरकारी पोर्टल आहे, त्यावर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण, सगळे क्विंटलला किती रुपये असे, शिवाय आवक किती झाली तेही. वर्ष घेतलं 2023, कारण त्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी, म्हणजे ग्राफमध्ये काहीतरी हालचाल दिसणार हे घरी बसूनही माहीत होतं.

आता खरं काम. आठवड्यातला बहुतेक वेळ साफसफाईतच गेला, आणि त्यातही तारखांनी जीव खाल्ला. लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन पद्धतीची, म्हणजे आधी महिना मग दिवस, आणि माझ्या फाइलमध्ये तारखा आपल्यासारख्या. मग 03/08 चं एक्सेल गुपचूप 8 मार्च करून टाकतं, एरर नाही काही नाही, आणि 13/08 आली की तेरावा महिनाच नसल्यामुळे तिला नुसता मजकूर समजतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे कॉलम रुंद करून बघायचा, खरी तारीख उजवीकडे चिकटते आणि मजकूर झालेली डावीकडे. माझ्या कॉलममध्ये दर महिन्याच्या बारा तारखेनंतर सगळं डावीकडे. उपाय असा की फाइल डबल क्लिक करून उघडायचीच नाही, पॉवर क्वेरीतून (एक्सेलमधलंच डेटा आत घ्यायचं आणि साफ करायचं साधन) घ्यायची आणि टाइप बदलताना ‘युझिंग लोकॅल’मध्ये जाऊन इंडिया निवडायचं. क्लासवाल्यांच्या जाहिरातीत चकाचक डॅशबोर्ड असतात, ही भानगड कुणी दाखवत नाही.

दुसरी गंमत नावांची. लासलगाव एक, लासलगाव कंसात निफाड एक आणि लासलगाव कंसात विंचूर एक. माझ्या शेजारचा नागपूरचा पोरगा म्हणाला, डुप्लिकेट आहेत, उडव ना बे. पण मला माहीत होतं की विंचूर आणि निफाड हे लासलगाव समितीचेच उपबाजार आहेत, तिथे वेगळा लिलाव होतो, वेगळा भाव निघतो. उडवले असते तर तिथली आवकच गायब.

मग तिन्हींचा मिळून एक भाव काढायचा तर नुसती सरासरी चालत नाही. मॅडमनी फळ्यावर सोपं उदाहरण दिलं, एका बाजारात 9000 क्विंटल गेला 2000 ने, दुसऱ्यात 1000 क्विंटल गेला 1500 ने, साधी सरासरी येते 1750, पण आवकेचं वजन धरलं तर 1950. एक्सेलमध्ये त्यासाठी समप्रॉडक्ट (भाव गुणिले आवक, आणि त्या सगळ्यांची बेरीज) करून आवकेच्या बेरजेने भागायचं, एका ओळीचं काम आहे.

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांना प्रश्न विचारायची भाषा, गुरुवारी आलं आणि मला तेच जास्त आवडलं. शुल्क जाहीर झालं 19 ऑगस्टला, त्यानंतर व्यापाऱ्यांनी जिल्ह्यात लिलाव बंद ठेवले होते, तर त्या दिवसांच्या ओळीच फाइलमध्ये नाहीत. नसलेली ओळ दिसणार कशी? तर वर्षाच्या सगळ्या तारखांचं वेगळं टेबल करायचं आणि त्याला भावाचं टेबल लेफ्ट जॉइनने जोडायचं, म्हणजे तारखा सगळ्या राहतात आणि भाव असेल तिथेच शेजारी येतो, मग बंदचे दिवस नल (रिकामे) म्हणून समोर येतात. तिथे शून्य भरायचा मोह आवरायचा, कारण सरासरी काढणारं एव्हीजी फंक्शन नल सोडून देतं पण शून्य मात्र हिशोबात धरतं, आणि कांदा फुकट गेला असं दिसायला लागतं. रविवार पण तसेच नल येतात, ते वेगळे काढावे लागले.

शुक्रवारी प्रेझेंटेशनमध्ये ग्राफवर डिसेंबरातली उतरण दाखवली तर मॅडमचा पहिलाच प्रश्न, ‘ही बंदीमुळेच कशावरून?’ बरोबर आहे, डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढत असते, म्हणजे बंदी नसती तरी थोडा भाव पडलाच असता. बंदीमुळे नेमका किती पडला ते एका वर्षाच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही, आधीच्या वर्षांचे डिसेंबर शेजारी ठेवावे लागतील, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तेच पुढच्या आठवड्याचं काम म्हणून गळ्यात मारलं.

आप्पांना फोनवर ग्राफबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, ते जाऊ दे गं, उन्हाळ कांदा चाळीत किती दिवस ठेवायचा ते तुझ्या कॉम्प्युटरला विचार. म्हटलं, आप्पा, सध्या आम्ही जॉइन शिकतोय.